इंजेक्शनआधी रेकी : चाळिशीनंतरचा थकवा, टेस्टोस्टेरॉन आणि अडलेली ताकद



आजचा विषय पुरुषांचा आहे, पण घरातल्या सगळ्यांनी ऐकावा असा आहे. वय चाळीस ते साठ. सकाळी उठल्यापासून अंग जड. दुपारी जेवल्यावर डोळे मिटतात. संध्याकाळी चिडचिड. जिमला दोन वर्षं नेमानं जातोय, पण वजन जिथे अडलं तिथेच अडलंय. मग कुणीतरी बाजूला घेऊन सांगतं, "साहेब, तुमचं टेस्टोस्टेरॉन कमी झालंय. एक इंजेक्शन घ्या, महिन्याभरात पंचविशीतले व्हाल." हे वाक्य मी पुण्यात ऐकलंय, बेळगावात ऐकलंय, आणि इथे कावेरीकाठीही ऐकलंय.

इथे म्हणजे स्वामीमलैला. कुंभकोणमच्या शेजारचं हे गाव. आमच्या सौभाग्यवतींचं माहेर तंजावरकडच्या मराठी कुटुंबातलं, त्यामुळे निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने मुक्काम इकडे असतो. व्यंकोजीराजांच्या वेळेपासून या भागात मराठी बोलणारी घरं आहेत, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेलच. गावात मुरुगनचं, म्हणजे आपल्या कार्तिकस्वामींचं मोठं देऊळ आहे. वर जायला साठ पायऱ्या आहेत, साठ संवत्सरांच्या साठ. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही. पायदळात आयुष्य काढलेला पदवीधर माणूस आहे. शेकडो माणसांची शरीरं वीस वर्षांपासून पन्नास वर्षांपर्यंत कशी बदलतात, हे रोजच्या पीटी परेडला पाहिलंय. बाकी जे सांगणार आहे ते छापून आलेल्या संशोधनातलं आहे. औषध घ्यायचं की नाही, हा निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा.

आधी उद्दिष्ट, मग परिस्थिती

फौजेत कुठलीही मोहीम आखण्याआधी एक लेखी विचार करावा लागतो. त्याला आम्ही 'एप्रिसिएशन' म्हणतो. उद्दिष्ट काय, परिस्थिती काय, पर्याय किती, आणि मग योजना. हा क्रम उलटा केला की माणसं मरतात. इंजेक्शन ही योजना आहे. उद्दिष्ट आणि परिस्थिती न लिहिता थेट योजनेवर उडी मारणं, ही आज जिमच्या आरशासमोर होणारी गोष्ट आहे.

तेव्हा आधी उद्दिष्ट लिहा. "मला पूर्वीसारखं वाटायला हवं" हे उद्दिष्ट नव्हे. "दोन मजले चढून दम लागू नये", "दुपारी झोप न घेता संध्याकाळपर्यंत काम व्हावं", "सहा महिन्यांत वीस किलोची गोणी कंबर न दुखता उचलता यावी", ही उद्दिष्टं. मोजता येतात.

हुकमाची साखळी

आता परिस्थिती. टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन मुख्यतः वृषणांत तयार होतं. पण हुकूम वरून येतो. मेंदूतला हायपोथॅलॅमस हे मुख्यालय. तिथून संदेश पिच्युटरी ग्रंथीला जातो, पिच्युटरीकडून एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोनं खाली वृषणांपर्यंत जातात, आणि मग उत्पादन होतं. रक्तात पुरेसं टेस्टोस्टेरॉन पोचलं की मुख्यालय हुकूम कमी करतं.

ही साखळी दोन ठिकाणी तुटते. कधी कारखानाच बिघडतो : मोठ्या वयात झालेला गालगुंडाचा ताप वृषणांत उतरला, जबर मार बसला, केमोथेरपी झाली, किंवा जन्मतःच गुणसूत्रांचा दोष असला. कधी मुख्यालय गप्प होतं : पिच्युटरीवर गाठ, खूप लठ्ठपणा, दीर्घ आजार, अफूवर्गातली वेदनाशामकं, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडं. म्हणून कमी आकडा दिसला की पुढचा प्रश्न असतो, कमी का? एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन या तपासण्या त्यासाठीच असतात. त्या न करता सुई टोचणारा माणूस नकाशा न उघडता तोफ डागतो आहे.

वयानुसार हे हार्मोन हळूहळू कमी होतं, साधारण वर्षाला एक टक्क्याच्या आसपास. पण त्यामुळे प्रत्येक पंचेचाळिशीचा माणूस रुग्ण ठरत नाही. २०१० साली युरोपातल्या आठ केंद्रांवर ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून जास्त पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लक्षणं आणि रक्तातला आकडा, दोन्ही निकष लावल्यावर खरी कमतरता निघाली सुमारे २.१ टक्के पुरुषांत. चाळिशीतल्या गटात तर हजारी एक. हे आकडे युरोपातले आहेत. आपल्याकडे टाइप २ मधुमेह आणि पोटाचा घेर जास्त, त्यामुळे चित्र काहीसं वेगळं असणार. तरीही जिममध्ये दर दुसऱ्या माणसाला जे सांगितलं जातं, त्याच्याशी याचा मेळ बसत नाही.

त्याच अभ्यासातली आणखी एक बाब. कमी टेस्टोस्टेरॉनशी सर्वांत पक्कं नातं दिसलं ते तीन लैंगिक लक्षणांचं : पहाटेची ताठरता कमी होणं, इच्छा कमी होणं, आणि संबंधांच्या वेळी ताठरता न राहणं. नुसता थकवा या एका हार्मोनकडे बोट दाखवत नाही. थकव्याला वाटेकरी पुष्कळ असतात.

तपासणी कशी करावी

टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. म्हणून रक्त सकाळी, शक्यतो दहाच्या आत आणि उपाशीपोटी द्यायचं. एकदा कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा द्यायचं. ताप, इस्पितळातला मुक्काम, रात्रभराचं जागरण यांनंतर लगेच तपासलं तर आकडा कमी येणारच, तो ग्राह्य धरायचा नाही.

अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं सीमारेषा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर धरली आहे, हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेनं २६४. दोन तज्ज्ञमंडळांतच एवढा फरक आहे, मग २९० आलं म्हणून रात्रीची झोप उडवण्याचं कारण नाही. शिवाय लठ्ठ माणसात हे हार्मोन वाहून नेणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी असतं, त्यामुळे एकूण आकडा खाली दिसतो. सीमेवरचा आकडा असेल तर डॉक्टर 'फ्री टेस्टोस्टेरॉन' पाहतात.

इंजेक्शन काय देतं आणि काय घेतं

हा मोह नवा नाही. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार नावाच्या बहात्तर वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञानं प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण तरुण झाल्याचं जाहीर केलं. युरोपभर त्या अर्काची लाट आली. पुढे कळलं की त्या पाण्यातल्या अर्कात हार्मोन जवळजवळ नव्हतंच. त्यांना जे वाटलं ते मनाचं होतं. खरं टेस्टोस्टेरॉन वेगळं काढून प्रयोगशाळेत बनवलं गेलं ते १९३५ साली.

आता खऱ्या औषधाबद्दल सरळ बोलू. मोठ्या मात्रेत घेतलं तर स्नायू वाढतात, हे खोटं नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम दिलं. व्यायाम न करताही त्यांचं चरबीविरहित वजन सुमारे तीन किलोनं वाढलं. पण ही मात्रा नेहमीच्या उपचाराच्या सहापट होती, मुदत अडीच महिने होती, आणि देखरेख डॉक्टरांची होती. जिममधला विक्रेता पहिली गोष्ट सांगतो, पुढच्या तीन सांगत नाही.

उपचाराच्या मात्रेत काय मिळतं? २०१६ साली पासष्टीपुढच्या ७९० पुरुषांवरचा अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांचं टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी होतं. वर्षभर जेल लावल्यावर लैंगिक बाबतीत मध्यम फायदा झाला, मन किंचित हलकं झालं. पण थकव्यासाठी ठरवलेल्या मुख्य मोजमापात ठळक फरक पडला नाही. ज्या तक्रारीसाठी लोक सर्वांत जास्त धावतात, तिथेच हे औषध तोकडं पडलं.

२०२३ मध्ये पाच हजारांहून जास्त पुरुषांवरचा मोठा अभ्यास आला. कमी टेस्टोस्टेरॉन असलेल्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या त्या पुरुषांत औषधामुळे हार्ट अटॅक किंवा पक्षाघात वाढले नाहीत, ही चांगली बातमी. मात्र हृदयाची अनियमित धडधड, मूत्रपिंडाला इजा आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी यांचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. पुढच्या वर्षी त्याच अभ्यासातून हाडं मोडण्याचं प्रमाणही जास्त असल्याचं समोर आलं.

आणि मुलं हवी असणाऱ्यांनी हे नीट ऐका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मुख्यालय हुकूम थांबवतं. वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. बंद केल्यावर गाडी रुळावर यायला अनेक महिने लागतात, काहींना वर्षाहून अधिक. पस्तिशी-चाळिशीत उशिरा लग्न झालेला तरुण 'ताकदीसाठी' सुई घेतो आणि घरात मूल का होत नाही म्हणून बायकोच्या तपासण्या सुरू होतात. हा अन्याय आहे.

ज्याला खरी कमतरता आहे, त्याच्यासाठी हेच औषध वरदान आहे. त्यानं लाजू नये, टाळू नये. फक्त हार्मोनतज्ज्ञांच्या किंवा मूत्रविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली घ्यावं. आधी रक्ताची घनता आणि प्रोस्टेटची तपासणी, मग तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा, नंतर दरवर्षी. चिठ्ठीशिवाय हे औषध विकायला कायद्यानं मनाई आहे. ट्रेनरच्या पिशवीतून निघणारी कुपी म्हणजे औषधोपचार नव्हे.

एका हवालदाराची गोष्ट

आमच्या जवानांबद्दल सांगतो. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. घरटी सैनिक म्हणून त्याची ख्याती. २०२२ पूर्वी अशा गावांतला मुलगा अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती व्हायचा आणि चाळिशीच्या आसपास पेन्शनवर घरी यायचा. वीस वर्षं पहाटेची पीटी, संध्याकाळचे खेळ, वर्षाला वैद्यकीय तपासणी, आणि एका सकाळी सगळं बंद. भूक तीच राहते. खाणं तेच राहतं. नोकरी मिळते सुरक्षारक्षकाची, बहुधा रात्रपाळीची.

असेच एक हवालदार, वय चव्वेचाळीस. बारा तासांची रात्रपाळी, दिवसा पत्र्याच्या खोलीत चार तास झोप. पोट सुटलं, घोरणं वाढलं, दंड-बैठकांची संख्या अर्ध्यावर आली. जिमच्या ट्रेनरनं पाळी संपल्यावर दुपारी रक्त तपासायला लावलं. आकडा आला २४०. सुया सुरू झाल्या. पहिले दोन महिने गडी खूश. पाचव्या महिन्यात चेहरा लालबुंद, डोकं ठणकायला लागलं. मला फोन आला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "आज, आत्ता, ईसीएचएसला जा."

हिमोग्लोबिन निघालं साडेअठरा. रक्त दाट झालं होतं, गुठळी व्हायच्या बेतात. हे या इंजेक्शनाचं ठाऊक असलेलं दुष्परिणाम आहे. रक्ताची घनता, म्हणजे हिमॅटोक्रिट, ५४ टक्क्यांवर गेली की औषध थांबवावं लागतं. पुढच्या तपासणीत झोपेत श्वास अडण्याचा आजार निघाला, स्लीप ॲप्निया. रात्रपाळी नसलेल्या दिवशीही झोपेत शेकडो वेळा श्वास अडत होता. साखरही सीमेवर. मूळ दुखणं हे होतं. इंजेक्शनानं तेच दुखणं आणखी चिघळवलं होतं.

सुया बंद झाल्या, झोपताना लावायचं सीपॅप यंत्र आलं, पाळी बदलून घेतली, वर्षभरात अकरा किलो वजन उतरलं. मग पुन्हा सकाळी रक्त तपासलं. टेस्टोस्टेरॉन औषधाविना सीमेच्या वर आलं होतं. तो मला म्हणाला, "साहेब, मी थकलो नव्हतो, मी झोपलोच नव्हतो."

थकव्याचे वाटेकरी

म्हणून रेकी. थकवा घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर या तपासण्यांबद्दल विचारा : हिमोग्लोबिन, एचबीएवनसी, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या, रक्तदाब. पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. आणि वाढत्या वयाच्या पुरुषात रक्त कुठे जातंय हे शोधावंच लागतं, मूळव्याध की आतड्यातलं काही. शाकाहारी मंडळींनी बी-१२ विसरू नये. एचबीएवनसी ६.५ च्या वर म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनं भारतात दहा कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज दिला. हा आजार घरोघरी आहे आणि त्याची पहिली खूण अनेकदा थकवाच असते.

"मी कुठे लठ्ठ आहे?" असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्या पुण्यातलं उदाहरण. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीयुक्त, ही आपली भारतीय ठेवण. म्हणून काट्यावर भरवसा ठेवू नका, टेपनं पोट मोजा. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर नको. पोटातली ही चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते, म्हणजे हार्मोन कमी होण्याचं एक कारण तुमच्या पट्ट्याखालीच असतं. वजन उतरलं की आकडा चढतो.

मनाचा थकवाही असतो. नोकरी गेली, मुलं परदेशी गेली, आईवडील गेले. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. फौजी माणसं हे सर्वांत उशिरा बोलतात.

आता त्या साठ पायऱ्या. पंचेचाळिशीचा माणूस साठ पायऱ्या न थांबता चढू शकला पाहिजे. मध्येच छातीत दडपण आलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर ती ताकदीची कमतरता समजू नका, थेट हृदयतज्ज्ञ गाठा. ताठरतेची तक्रारही अशीच. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे अडथळा तिथे काही वर्षं आधी जाणवू शकतो. गोळी घेऊन लपवलेली ही तक्रार म्हणजे गस्तीवरच्या पहारेकऱ्याचं तोंड दाबणं.

ताकद का अडते

सगळ्या तपासण्या ठीक आल्या, तरी वजन अडलेलंच आहे. मग दोष बहुतेक वेळा व्यायामाच्या पद्धतीत असतो.

वयाची सबब आधी निकालात काढू. १९९० साली बॉस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले. नऊ जणांनी तो पूर्ण केला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. कुणालाही सुई दिली नव्हती. नव्वदीत हे होतं, तर पन्नाशीत का होऊ नये?

अडण्याची कारणं तीन. पहिलं, वर्षानुवर्षं तेच वजन, तेवढेच फेरे. शरीराला नवं काम मिळालं नाही तर ते का बदलेल? दुसरं याच्या उलट, रोज जीव तोडून व्यायाम आणि विश्रांती शून्य. कोणताही कमांडर एकाच बटालियनला कायम पुढच्या ठाण्यावर ठेवत नाही, तिला मागे आणून सावरू देतो. तिसरं, नोंद नाही. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे (१७७७–१८३२) यांनी धन्वंतरी महालात औषधांची परीक्षा करवली, रुग्णांच्या नोंदी लिहून ठेवल्या. दोनशे वर्षांपूर्वी राजा वही ठेवत होता. आपण स्वतःच्या एका शरीराची वही ठेवू शकत नाही का?

योजना साधी आहे. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस. पाच हालचाली : बसून उठणं, ढकलणं, ओढणं, जमिनीवरून उचलणं, आणि वजन घेऊन चालणं. प्रत्येकाचे दोन-तीन फेरे, आठ ते बारा वेळा. फेरा संपताना अजून दोन वेळा जमलं असतं, एवढी शिल्लक ठेवा. बारा वेळा नीट जमायला लागलं की वजन थोडं वाढवा. दर पाच-सहा आठवड्यांनी एक आठवडा निम्म्या वजनावर. श्वास कोंडू नका, रक्तदाब असेल तर मुळीच नाही. उरलेल्या दिवशी भरभर चालणं, आठवड्याला एकूण दीडशे मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही हाच आहे : दीडशे मिनिटं चाल आणि निदान दोन दिवस ताकदीचे.

यंत्रं नसली तरी चालतं. आपल्या तालमीत दंड, बैठका, करेल होतेच. इथली तमिळ मंडळी दंडाला 'तंडाल' म्हणतात, बैठकांना 'बस्की', आणि करेलीसारख्या लाकडी मुद्गलाला 'कर्लाकट्टै'. कान देऊन ऐकलं की नातं कळतं.

या गावात पंचधातूच्या मूर्ती घडवणारे स्थपती आहेत. मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर कावेरीच्या गाळमातीचे थर देतात, आणि ते थर सावलीत वाळवतात. उन्हात ठेवले तर लवकर वाळतील, पण तडकतील, आणि ओतलेला रस वाया जाईल. पन्नाशीतले सांधे आणि कंडरा या मातीसारखे आहेत. स्नायू लवकर तयार होतो, कंडरेला वेळ लागतो. महिन्याला थोडं वाढवा, वर्षानं वही उघडून बघा.

ताट, झोप आणि पेला

माती नसेल तर साचा होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं सांगितलेलं किमान प्रथिन म्हणजे वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम. पन्नाशीत वजनं उचलणाऱ्यानं १.२ ते १.६ पर्यंत जावं. सत्तर किलोच्या माणसाला ८५ ते ११० ग्रॅम. आता मोजा : घट्ट वरणाची वाटी सहा-सात, एक अंडं सहा, पेलाभर दूध सहा-सात, मूठभर शेंगदाणे सात, शंभर ग्रॅम पनीर अठरा, पन्नास ग्रॅम सोया वड्या पंचवीस. सांबार तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात जन्मलं असं इथे अभिमानानं सांगतात. असेलही. पण पातळ सांबारात डाळ किती हे स्वयंपाकघरात जाऊन बघा. इथल्या देवळांबाहेर मिळणारं हरभऱ्याचं सुंडल, म्हणजे आपली उसळच, दुपारच्या बिस्किटांपेक्षा कितीतरी बरं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारून.

शिलाजित, अश्वगंधा, सोन्याचं भस्म यांबद्दल हमखास विचारलं जातं. अश्वगंधेवर काही लहान अभ्यास आहेत, फायदा दिसला तो माफक. लेबल नसलेल्या भस्मांत जड धातू आणि 'नैसर्गिक' पुड्यांत छुपी स्टिरॉइडं सापडलेली आहेत. पैसे अंड्यांवर आणि डाळीवर खर्च करा.

झोप सात तास. २०११ साली शिकागोमध्ये दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं. त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. वयाच्या हिशेबानं दहा वर्षांची घसरण, एका आठवड्यात. घोरत असाल आणि बायको म्हणत असेल की मध्येच श्वास थांबतो, तर ती थट्टा नाही, ती तपासणीची शिफारस आहे.

आणि दारू. नियमित जास्त दारू वृषणांना आणि झोपेला दोन्हीकडून मारते. माजी सैनिकांना उद्देशून एवढंच, कॅन्टीनचा कोटा हा हक्क आहे, तो संपवणं हे कर्तव्य नाही.

घरात बोला

या गावाचं नाव ज्या कथेवरून पडलं ती सांगतो. शंकरानं आपल्या लेकाकडून प्रणवाचा अर्थ ऐकला. बाप खाली बसला, पोरगा गुरू झाला, म्हणून मुरुगन इथे स्वामीनाथ. आपल्या घरातही हे होऊ द्या. मुलगा किंवा सून म्हणाली, "बाबा, तुम्ही हल्ली जेवल्यावर लगेच झोपता, एकदा दाखवून या," तर "मला काय धाड भरलीय?" असं म्हणू नका. वहिनी, ताई, तुम्हालाही विनंती. नवरा चिडचिडा झाला, जवळ येईना, तर तो मनातून उतरला असं लगेच समजू नका. तो बहुधा आजारी आहे आणि ते बोलायला त्याच्याकडे शब्द नाहीत.

तर येत्या सोमवारपासून चार कामं. पोटाचा घेर मोजून वहीत लिहा. झोपण्या-उठण्याची वेळ सात दिवस लिहा. या महिन्यात सकाळी उपाशीपोटी रक्त तपासा, आणि लैंगिक तक्रार असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगून टेस्टोस्टेरॉनही त्याच सकाळी बघा. आणि आठवड्यातून दोन दिवस ते पाच व्यायाम सुरू करा, हलक्या वजनानं. तीन महिन्यांनी वही उघडा. मग कुणी कानात इंजेक्शनाची गोष्ट काढली, तर ती वही त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, "यात कुठे दिसतंय?"

  जय हिंद.